इंग्रजी ‘कँडी’ शब्दाचीं दोन कुळें

१

इंग्रजी भाषेंत ‘कँडी’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. एक अर्थ सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे साखरेची वडी, गोळी किंवा मिठाई. दुसरा व्यापाऱ्यांच्या व जुन्या दफ्तरांच्या वाचकांच्या परिचयाचा, म्हणजे एक मोठें वजन. दोहोंचें लेखन एक, उच्चार एक आणि दोन्ही शब्द आपल्याच देशांतून विलायतेस गेलेले. तेव्हां ‘खण्ड्’ म्हणजे तोडणें ह्या एकाच संस्कृत धातूचीं हीं दोन अपत्यें होत, असा समज सहज होतो व तो पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलाहि आढळतो. यूल व बर्नेल ह्यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या १८८६ सालच्या कोशांत दोहोंच्या नोंदी स्वतंत्र आहेत. परंतु संस्कृत धातूचें नांव पुढें आलें कीं वाचक त्यांना आपल्या मनांत एकत्र करून टाकतो.

प्रस्तुत लेखांत आम्ही तीन गोष्टी मांडूं इच्छितों. पहिल्या कँडीचें कूळ संस्कृत आहे, हें पायरीपायरीनें दाखवितां येतें. दुसऱ्या कँडीचें कूळ दक्षिणेंतील विसांच्या मोजणींत शोधावें लागतें. आणि हीं दोन कुळें निराळीं न ठेवल्यास, व दुसऱ्या कुळांतील पोटभेद न ओळखल्यास, जुन्या कागदांतील आंकडे चुकीचे वाचले जातात. ही तिसरी गोष्ट संग्राहकांच्या रोजच्या कामाची असल्यामुळें पहिल्या दोहोंचा खटाटोप केला आहे.

सावद्यासारख्या गांवीं ह्या शब्दाचीं दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं दिसतात. दुकानांतल्या बरणीवर ‘आवळा कँडी’ असें लिहिलेलें असतें आणि मुंबईचा रुईचा भाव अमुक रुपये कँडी असा वर्तमानपत्रांत छापून येतो. पहिल्या कँडीला आपण खांड म्हणत होतों, दुसरीला खंडी म्हणत होतों. दोन्ही घरचीं माणसें परक्या वेषांत परत आलीं आहेत; पण तीं एका घरचीं नव्हत.

२

प्रथम साखरेची कँडी पाहूं. संस्कृतांत ‘खंड’ म्हणजे तुकडा किंवा भाग. पोथ्यांच्या संग्राहकांस हा अर्थ सर्वांत ओळखीचा, कारण स्कंदपुराणांतील काशीखंड, हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणींतील व्रतखंड व दानखंड हीं नांवें त्यांच्या याद्यांत नेहमीं येतात. ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ साखरेचा. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोष्ठागाराच्या प्रकरणांत ऊंसाच्या रसापासून होणारे पांच पदार्थ एका वर्गांत घातले आहेत : फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी, गुड म्हणजे गूळ. आणि पुढचे तीन म्हणजे रस अधिकाधिक निर्मळ होऊन रवा धरूं लागल्याच्या पायऱ्या. सुश्रुतसंहितेंतहि ह्या पदार्थांचे गुण सांगितले आहेत, आणि अमरकोशांत शर्करेच्या प्रसंगीं ‘खंडविकार’ हा शब्द येतो. तेव्हां ‘खंड’ हें साखरेच्या एका विशिष्ट अवस्थेचें नांव होतें. एखाद्या कवीनें अलंकारानें केलेला तो प्रयोग नव्हे.

ह्याच यादींतील ‘शर्करा’ हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ खडे, वाळू, रेती. रवाळ पदार्थास पाहणाराच्या डोळ्यांपुढें खडे आले आणि खड्यांचें नांव साखरेस मिळालें. हीच दृष्टि मराठी ‘खडीसाखर’ ह्या शब्दांत आहे. तमिळांत खडीसाखरेस ‘कल्कंडु’ म्हणतात, त्यांतील ‘कल्’ म्हणजे दगड. एक पदार्थ, तीन भाषा आणि कल्पना एकच.

‘शर्करा’ व ‘खंड’ हे दोन्ही शब्द एकाच वाटेनें पश्चिमेस गेले. शर्करा प्राकृतांत सक्खरा झाली, फारशींत शकर, अरबींत सुक्कर, इटालियनांत झुक्केरो, फ्रेंचांत स्युक्र आणि इंग्रजींत शुगर. खंड फारशींत गेल्यावर ‘कंद’ झाला. फारशींत आपल्यासारखा महाप्राण ‘ख’ नाहीं व मूर्धन्य ‘ण्ड’हि नाहीं, म्हणून हा फेरफार नियमास धरूनच आहे. अरबांनीं ‘कंद’ घेतला व त्यावरून ‘कंदी’, म्हणजे कंदाचें केलेलें, असें विशेषण बनविलें. हें विशेषण साखरेच्या नांवापुढें लागून भूमध्यसमुद्राच्या व्यापाराबरोबर इटालियन व फ्रेंच भाषांत आलें आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास ‘शुगर कँडी’ म्हणून इंग्रजींत रुजलें. म्हणजे विलायती औषधविक्या ज्या पदार्थास शुगर कँडी म्हणे, त्यास तो नकळत ‘शर्करा-खंड’ असेंच म्हणत होता. पुढें ‘शुगर’ गळून नुसतें ‘कँडी’ राहिलें. अमेरिकेंत त्याचा अर्थ पसरून सर्व प्रकारच्या मिठाईस तें नांव मिळालें. इंग्लंडांत मिठाईस ‘स्वीट्स’ म्हणण्याची चाल असल्यामुळें तेथें कँडी बहुधा खडीसाखरेपुरतीच राहिली. फळ किंवा फळाची साल पाकांत मुरविणें ह्या अर्थाचें क्रियापदहि त्यापासूनच झालें, आणि आपली आवळा कँडी त्याच क्रियापदाची नात आहे.

हा शब्द मराठींत तीन वेळां आला आहे. एकदां सरळ प्राकृतांतून ‘खांड’ म्हणून. दुसऱ्यांदा फारशींतून ‘कंद’ म्हणून. तिसऱ्यांदा इंग्रजींतून ‘कँडी’ म्हणून. दुसरें येणें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गुलकंद ह्या शब्दांतील ‘कंद’ म्हणजे सुरणासारखें मूळ नव्हे. गुल म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि कंद म्हणजे तीच खांड. गुलाबाच्या पाकळ्या व खडीसाखर ह्यांचें मिश्रण असा त्याचा उघड अर्थ आहे. कलाकंदांतील कंदहि तोच. संस्कृतांत ‘कंद’ हा निराळा शब्द सिद्ध असल्यामुळें आमच्या विद्यार्थ्यांस गुलकंदाची फोड विचारली असतां ते हमखास मुळाचा अर्थ सांगत. ऐकण्यांत सारखा दिसणारा शब्द आपल्या माहितींतल्या शब्दावर नेऊन बसविणें हा मनाचा स्वभावच आहे, आणि व्युत्पत्ति करणारानें प्रथम त्या स्वभावाशींच भांडावें लागतें.

येथें वैद्यकाच्या बाडांविषयीं एक सूचना करतों. हरिद्राखंड, नारिकेलखंड, कूष्मांडखंड हीं औषधांचीं नांवें आहेत. त्यांतील ‘खंड’ म्हणजे साखरेच्या पाकांत सिद्ध केलेला कल्प. एखाद्या सुट्या पानाच्या समासांत नुसतें ‘हरिद्राखंड’ एवढेंच दिसलें, तर तो कोणत्या तरी पुराणाचा भाग समजून यादींत भलत्या सदरांत जाण्याचा संभव आहे. काशीखंड व हरिद्राखंड ह्यांतला भेद पान वाचल्याशिवाय कळत नाहीं.

३

आतां ज्यांचा ह्या कुळाशीं संबंध नाहीं असे सोयरे बाजूस काढूं. सिंहलद्वीपांतील कँडी हें नगर साखरेवरून नांव पावलेलें नाहीं. सिंहली ‘कंद’ म्हणजे डोंगर, आणि त्या डोंगरी प्रदेशाच्या नांवाचा तो पोर्तुगीजांच्या तोंडून झालेला संक्षेप आहे. इंग्रजी बागांतील ‘कँडीटफ्ट’ ह्या फुलझाडाचें नांव क्रीट बेटाच्या ‘कँडिया’ ह्या जुन्या नांवावरून पडलें. मेणबत्तीस ‘कँडल’ म्हणतात तें लॅटिनांतील चकाकणें ह्या अर्थाच्या धातूवरून. ह्या तिन्ही शब्दांत साखरेचा एक कणहि नाहीं.

आमच्या खानदेशाच्या नांवाविषयींहि हेंच सांगणें प्राप्त आहे. खांड व खानदेश हे उच्चारांत जवळ आहेत खरे. पण ह्या प्रांताचें नांव फारुकी सुलतानांच्या ‘खान’ ह्या किताबाशीं जोडण्याची परंपरा अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’इतकी जुनी आहे. १६०१ सालीं असीरगड घेतल्यावर अकबरानें शाहजादा दानियाल ह्याच्या नांवावरून प्रांतास ‘दानदेश’ असें नांव दिलें. ‘खान’ काढून ‘दान’ घालण्याची ही युक्ति, त्या काळीं खानदेश ह्या नांवांत ‘खान’च ऐकूं येत होता, हें स्पष्ट दाखविते. यादवकाळीं ह्या भागास सेउणदेश म्हणत. कान्हदेश, स्कंददेश इत्यादि दुसऱ्या फोडीहि सुचविल्या गेल्या आहेत. त्यांचा विचार स्वतंत्रपणें व्हावा. साखरेच्या खांडेस मात्र त्या वादांत ओढूं नये.

४

दुसरी कँडी म्हणजे आपली खंडी. पोर्तुगीज लेखक तिला ‘कांदिल’ असें लिहीत. पोर्तुगीज व इंग्रज दोघेहि पश्चिम किनाऱ्यावर व्यापारास उतरले आणि येथें चालू असलेलें वजन त्यांनीं येथल्याच नांवानें वहींत मांडलें. हा शब्द फारशी, अरबी, इटालियन अशा वळणानें गेलेला नाहीं. बंदरावरून थेट गेला. दोन कँडींच्या प्रवासांतच एवढें अंतर आहे.

परंतु प्रवास निराळा म्हणून जन्महि निराळा, असें म्हणतां येत नाहीं. जन्माचा पुरावा मापांच्या रचनेंत आहे. संस्कृत ग्रंथांत धान्याच्या मापांची पायरी ठरलेली आहे : कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण व खारी. भास्कराचार्यांनीं लीलावतींत, म्हणजे ११५० च्या सुमारास, एक हात लांब, रुंद व खोल अशा घनमापास मगधदेशची खारी म्हटलें आहे. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण व सोळा द्रोणांची खारी, असा त्याचा क्रम. खारी हा शब्द पाणिनीच्या सूत्रांतहि आहे. ह्या मालिकेंत सर्वत्र चार व सोळा ह्यांचें राज्य असून खंडीचें नांव नाहीं.

उलट खंडीचें गमक वीस हा आंकडा आहे. वीस मणांची खंडी हें कोष्टक मराठी मुलुखांत सर्वत्र पाठ होतें. मेंढरें किंवा फळें मोजतांना वीस नगांसहि खंडी म्हणत. कानडींत ‘खंडुग’ किंवा ‘कंडुग’ हें धान्याचें माप वीस कोळगांचें. आणि तितकें बीं ज्या जमिनींत पेरलें जाईल ती जमीनहि त्याच नांवानें कानडी लेखांत मोजलेली आढळते. तेलुगूंत खंडी, तमिळ व मलयाळींत कंडी असे शब्द आहेत. म्हणजे शब्दाचा पसारा नर्मदेच्या दक्षिणेस, आणि त्याची मोजणी विसांची. विसांच्या मोजणीचा दुसरा नमुना कापडाच्या व्यापारांतील ‘कोडी’ हा आहे. कोडी म्हणजे वीस नग, आणि तोहि शब्द ‘कॉर्ज’ ह्या रूपानें युरोपीय व्यापाऱ्यांनीं उचलला होता.

ह्यावरून आमचें मत असें कीं, खंडी हें माप व त्याचें नांव दख्खनच्या देशी व्यवहारांतलें असून ‘खण्ड्’ धातूशीं त्याचा संबंध उच्चारसाम्यावर बसविलेला आहे. ‘तोडणें’ ह्या अर्थापासून ‘वीस मण’ हा अर्थ कसा निघाला, ह्याची एकहि मधली पायरी संस्कृत वाङ्मयांत दाखवितां येत नाहीं. साखरेच्या खंडाबाबत अशा पांच-सहा पायऱ्या हातांत आहेत. व्युत्पत्तींत वजन पायऱ्यांस द्यावें, साम्यास नव्हे.

मापांचे शब्द लोकांच्या बोलींत नांदतात, शास्त्राच्या भाषेंत नव्हे, ह्याला खानदेशांतलाच एक उत्तम दाखला आहे. चाळीसगांवजवळील पाटण येथील शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें स्थापिलेल्या मठासंबंधीं आहे. त्यांतील दान शके ११२८ चें. डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं तो उजेडांत आणला. त्यांत वंशाची स्तुति संस्कृतांत आहे, पण मठास पेठेंतील जकातीचा वांटा किती व घाण्यामागें तेल किती, हें सांगण्याची वेळ आल्याबरोबर लेख मराठींत उतरतो. ज्यांनीं तें तेल मापून द्यावयाचें त्यांना समजेल अशीच भाषा तेथें हवी होती. ज्या आजोबांनीं मगधदेशची खारी श्लोकांत बसविली, त्यांच्याच नातवाच्या मठाचें तेल मात्र गांवच्या मापानें मोजलें गेलें.

५

आतां आंकड्यांकडे वळूं. खंडी वीस मणांची हें खरें, पण मण सर्वत्र एक नव्हता. इंग्रजी अमदानींत मुंबईचा मण २८ पौंडांचा धरीत, म्हणून मुंबईची खंडी ५६० पौंडांची. मद्रासेस मण २५ पौंडांचा, म्हणून खंडी ५०० पौंडांची. बंगाली मण ८२ पूर्णांक दोन सप्तमांश पौंडांचा. त्या हिशोबानें वीस मण म्हणजे जवळजवळ १,६४६ पौंड होतात. मुंबईच्या कापसाच्या व्यापारांत तर खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे मुंबईच्या २८ मणांची झाली. तेथें नांव राहिलें आणि ‘वीस’ गेले. अशा ठिकाणीं कोष्टकाच्या भरंवशावर विसांनीं गुणणारा फसलाच.

शिवाय खंडी वजनी व मापी अशी दोन प्रकारची. पुण्याकडील मापी कोष्टकांत चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी. म्हणजे खंडी २४० पायल्यांची अथवा ९६० शेरांची. वजनी कोष्टकांत चाळीस शेरांचा मण, म्हणून खंडी ८०० शेरांची. त्यांतहि मापी शेर म्हणजे भरून घेतलेलें भांडें. त्यांत भात घातलें तर वजन एक, गहूं घातले तर दुसरें. मापी खंडीचे पौंड किंवा किलो करावयाचे तर धान्य कोणतें हें आधीं ठाऊक पाहिजे.

ह्याचा परिणाम किती मोठा होतो तें पाहावें. समजा, एखाद्या इंग्रजी व्यापारी पत्रांत १०० कँडी माल असें लिहिलें आहे. मद्रासी मानानें तो ५०,००० पौंड झाला, मुंबईच्या साध्या मानानें ५६,००० आणि कापसाच्या मानानें ७८,४००. एकाच शब्दाच्या पोटांत २८,४०० पौंडांचें अंतर. ह्यावर भाव काढला, भावावरून महागाई काढली आणि महागाईवरून रयतेची स्थिति वर्णिली, तर सगळी इमारत पहिल्याच चिऱ्यांत तिरपी होते.

हा प्रश्न दफ्तरापुरताच आहे असेंहि नाहीं. १९३२ सालीं मुंबई इलाख्याचा वजनमापांचा कायदा झाला; १९५६ सालीं देशाचा कायदा होऊन १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं; मण, शेर, पायली व्यवहारांतून गेलीं. आम्ही शाळेंत शिकवूं लागलों तेव्हां मुलांना ‘खंडीभर’ हा शब्द ‘पुष्कळ’ एवढ्याच अर्थानें ठाऊक होता. पण कापसाच्या सौद्यांत ७८४ पौंडांची ती जुनी खंडी सुमारें ३५५.६ किलो होऊन इंग्रजी उच्चारानें आजहि जिवंत आहे. खानदेशांतला शेतकरी सरकीसकट कापूस क्विंटलानें विकतो. मुंबईचा कँडीचा भाव सरकी काढलेल्या रुईचा असतो. कापसांतून रुई सुमारें एक तृतीयांश निघते. म्हणजे एका कँडीस दहा-अकरा क्विंटल कापूस लागतो. नुसता ३.५६ नें भाग देऊन आपल्या क्विंटलाचा भाव काढणाऱ्याचा हिशोब तिपटीनें चुकेल. जुन्या शब्दाचा अर्थ लावणें हें काम केवळ पोथ्या चाळणारांचें नव्हे, तें ह्यावरून ध्यानांत यावें.

६

माप बदललें कीं माणसाचा जीव खालीं-वर होतो, हें सावद्याच्या इतिहासांतच नमूद आहे. हें गांव १७६३ सालीं निजामाकडून पेशव्यांकडे आलें व लवकरच सरदार रास्ते ह्यांच्याकडे गेलें. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. १८५२ सालीं जमिनीची नवी मोजणी सुरू होतांच सावद्यास दहा ते पंधरा हजार लोक जमले, आणि फौजेची तुकडी येऊन पुढाऱ्यांस धरीपर्यंत ते हटले नाहींत. मोजणी म्हणजे सारा, आणि सारा म्हणजे घरांत उरणारें धान्य, हें त्या लोकांस कोणी शिकवावें लागलें नव्हतें. अशा गांवाचे कागद निजामाची, पेशव्यांची व इंग्रजांची अशा तीन अमदान्यांचे साक्षी असतात, आणि प्रत्येक अमदानींत माप तेंच बोललें तरी तेंच मापलें गेलें असें गृहीत धरतां येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. खंडी, मण, पायली ह्यांचे आंकडे छापतांना मूळ शब्द व मूळ आंकडा तसाच ठेवावा. आधुनिक वजन द्यावयाचें तर निराळें द्यावें. नोंद करतांना चार गोष्टी टिपाव्या : वस्तु कोणती, गांव कोणतें, माप वजनी कीं मापी, आणि मण किती शेरांचा. इंग्रजी कागदांत ‘कँडी’ दिसली तर ती साखर कीं वजन हें संदर्भावरून ठरवावें, आणि वजन असल्यास कोणत्या बंदराचें तें पाहावें.

शेवटची विनंति सर्वांत महत्त्वाची. जुन्या व्यापारी घराण्यांच्या वह्या रद्दींत जात आहेत. त्यांतून सनदा, महजर, पत्रें निवडून घेतलीं जातात आणि जमाखर्चाच्या वह्या टाकल्या जातात. पण त्या गांवचा मण किती शेरांचा व खंडी कोणत्या मालास किती मणांची, हें सनदेंत सांपडत नाहीं. तें वहीच्या शेवटल्या पानांवर, मुलाच्या उजळणीशेजारीं, कोणी तरी कारकुनानें घाईनें लिहिलेल्या कोष्टकांत सांपडतें. तें एक पान हातचें गेलें, तर त्या गांवच्या शंभर सनदांतील आंकडे मुके होतात. ज्यांच्या संग्रहीं अशीं कोष्टकें असतील त्यांनीं तीं गांव व साल ह्यांसह जशींच्या तशीं प्रसिद्ध करावीं. खंडीचें कूळ दक्षिणेंतलें, हें आमचें मत त्यांच्या पुराव्यानें दृढ होवो वा ढळो. माप मात्र खरें हातीं लागेल.